सरकारी इस्पितळ फुकट आहे, मग विमा नसला तर तब्येतीचं नेमकं काय बिघडतं?

म्हादयीकाठची

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या स्वयंसाहाय्य गटांसाठी दोन पानी पत्रक करायचं आहे. विषय आरोग्य विमा. "अचानक मोठा खर्च आला तर" हा नेहमीचा सूर नको, कारण तो ऐकला की बायका लगेच म्हणतात, गोमेकॉ (बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळ) आहे की, तिथे पैसे कुठे लागतात? आणि त्यांचं चुकतही नाही.

मला उलट बाजू हवी आहे. खिशाचं राहू द्या, विमा नाही म्हणून शरीराचं काय नुकसान होतं? कुठल्या आजारात, कुठल्या टप्प्यावर? आणि ते टाळायला कुठला कागद कधी करावा? गटातल्या बहुतेक जणी काजू बागायतीत राबणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या. काहींचे नवरे खाणीवर होते, आता कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे आहेत. कृपया पत्रकात घालता येईल असं ठोस लिहा. "आमच्या मामांचं असं झालं" हे नको, ते सगळ्यांकडे भरपूर आहे.

गोळ्यांची खिडकी

प्रश्न चांगला मांडलात बाय. आधी त्या बायकांच्या मुद्द्याचं. गोमेकॉत गोव्याच्या माणसाला उपचाराचे पैसे लागत नाहीत, पण दिवस लागतात. साधं ठरवून करायचं ऑपरेशन धरा. ओपीडीची एक फेरी, रक्त-सोनोग्राफीची दुसरी, रिपोर्ट दाखवायची तिसरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून फिटनेसची चौथी, मग दाखल व्हायची तारीख. वाळपईहून बांबोळीला बस बदलत जाणाऱ्या बाईचे हे चार-पाच दिवस बिनपगारी, सोबत येणाऱ्याचेही तितकेच. मग ते ऑपरेशन काजू संपल्यावर, पाऊस संपल्यावर, चतुर्थी झाल्यावर असं ढकललं जातं. विमा असला की जवळच्या खासगी इस्पितळाचं दुसरं दार उघडतं आणि तारीख लवकर मिळते. म्हणजे नुकसान होतं ते वाट पाहण्यात. आता आजारवार पाहू.

अंगावरून जास्त जाणं. गर्भाशयात गाठी असतील तर महिन्याला थोडं थोडं करून रक्त इतकं जातं की हिमोग्लोबिन १२ च्या जागी ८ च्या खाली येतं आणि बाईला ते कळतही नाही, कारण शरीर सवय करून घेतं. चढ चढताना धाप लागते, केस गळतात, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी गळती चालूच, म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. एक-दोन वर्षं ढकललेलं ऑपरेशन शेवटी करावंच लागतं, फक्त आता आधी दोन-तीन बाटल्या रक्त चढवावं लागतं, भुलीचा धोका वाढतो, जखम सावकाश भरते.

हर्निया. ठरवून केला तर जाळी बसवून दुसऱ्या दिवशी घरी. ढकलला आणि आतडं अडकलं तर काही तासांत त्या तुकड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, आतडं कापून जोडावं लागतं. पत्रकात हे ठळक छापा: गाठ आत जात नाही, दुखते, उलट्या होतात, तर सकाळची वाट पाहू नका.

पित्ताशयातले खडे. एकदा कळ येऊन गेली की पुन्हा येण्याची शक्यता बरीच. खडा खाली सरकून नळीत अडकला की कावीळ, स्वादुपिंडाला सूज. मग दुर्बीण घालून खडा काढायचा आणि नंतर वेगळं ऑपरेशन, म्हणजे एकाची दोन कामं.

मधुमेह आणि रक्तदाब. इथे मी जरा रेंगाळणार आहे. औषधांच्या खिडकीवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सध्या चारच दिवसांच्या द्या". चार दिवसांच्या गोळ्या सात दिवस पुरवल्या जातात. फसवणूक अशी की काहीच होत नाही. रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश जातं, बंद केल्यावर दाब दोन-चार दिवसांत हळूहळू चढतो आणि चढलेला कळत नाही. साखर १८० च्या पुढे गेल्याशिवाय लघवीतून जात नाही, त्यामुळे तहान-लघवीची लक्षणंही उशिरा दिसतात. माणूस ठरवतो, गोळीविना चालतंय. तोवर डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांचं काम चालूच असतं.

सगळ्या गोळ्या मात्र अशा सावकाश जात नाहीत. दाबाचं आणि हृदयाचं मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल अचानक सोडलं तर धडधड आणि छातीत दुखणं परत येऊ शकतं. दाबाचंच क्लोनिडिन सोडलं तर दाब दिवस-दोन दिवसांत एकदम उसळतो. फिटच्या गोळ्या, इन्सुलिन, बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड, स्टेंट टाकल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, या पैशापायी एक दिवसही तोडायच्या नाहीत. पैसे कमी असतील तर औषधवाल्याला स्पष्ट सांगा, तोच रेणू, म्हणजे गोळीतलं मूळ औषध, जेनेरिकमध्ये किंवा जनऔषधी केंद्रात मिळतो. अर्धी गोळी करणं हा उपाय नाही. "लांब परिणामाची" गोळी मोडली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

पायांचं एक. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. साखर वाढलेल्या बाईच्या तळव्याची संवेदना गेलेली असेल तर ती चिखली दुखतच नाही. भेग, मग पू, मग बोट काळं. पहिल्या टप्प्यावर लागते ती बुरशीची मलम, कोरडा पाय आणि बंद चप्पल. तिसऱ्या टप्प्यावर बोट किंवा पाऊल कापायचं. आणि हो, ते कापणंही गोमेकॉत फुकटच होतं. तुमच्या बायकांच्या प्रश्नाला हे उत्तर जरा कठोर आहे, पण पत्रकात घाला.

काऊंटर नंबर तीन

वरच्या उत्तरात "विमा" म्हटलंय ते पत्रक वाचणारीला खासगी कंपनीचा मेडिक्लेम वाटेल. सत्तरीतल्या बाईच्या हातात आधी दीनदयाळ कार्ड असायला हवं, म्हणून त्याबद्दल.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही इस्पितळात दाखल होण्याच्या खर्चासाठी गोवा सरकारची विमा योजना, २०१६ साली आली. अट गोव्यात किमान पाच वर्षांच्या वास्तव्याची. उत्पन्नाची अट नाही. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. ही रक्कम पूर्ण कुटुंबात मिळून आहे, माणशी नाही. सासऱ्यांच्या हृदयावर अडीच लाख गेले तर सुनेच्या ऑपरेशनला उरले दीड.

ज्यावर लोक अडकतात ते असं:

मुदत. कार्ड कपाटात असतं, नूतनीकरण राहिलेलं असतं. दाखल झाल्यावर नूतनीकरणाला धावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आजच कार्ड काढा आणि त्यावरची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा.

यादी. योजना सुरू झाली ती ४४७ उपचारांच्या यादीसह. यादीतला उपचार, यादीतलं इस्पितळ आणि आधी घेतलेली मंजुरी, तिन्ही जुळायला हवीत. "कार्ड चालतं का?" असा प्रश्न विचारू नका. विचारायचं असं: "हे ऑपरेशन, या इस्पितळात, दीनदयाळच्या पॅकेजमध्ये बसतं का, आणि पॅकेजबाहेर काय भरावं लागेल?" उत्तर दाखल होण्याआधी घ्या.

नावं. ही खास आपली गोव्याची कटकट. जुन्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, आधारवर इंग्रजी वळणाचं. गावकर एका कागदावर के ने, दुसऱ्यावर सी ने. नाईकचं तर विचारू नका. त्यात लग्नानंतर बदललेलं नाव. मंजुरी नेमकी इथे लटकते. आधार, रेशनकार्ड आणि दीनदयाळ कार्डावरचं नाव अक्षर लावून ताडून घ्या, आत्ता, सगळे धडधाकट असताना. नव्या सुनेचं आणि बाळाचं नाव चढवायचंही राहून जातं.

आणि हे कार्ड दाखल होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, साधी रक्ततपासणी यात नाही. म्हणून खिडकीवाल्यांनी सांगितलेल्या चार दिवसांच्या गोळ्यांना दीनदयाळ उपयोगी नाही. त्यासाठी आरोग्य केंद्राची खिडकी. तिशीपुढच्या प्रत्येकाची दाब-साखरेची तपासणी तिथे मोफत होते. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या मागा, म्हणजे खेपा कमी.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर वेगळं कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान भारतमध्ये ७० किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. वय आधारवरचं धरतात. घरात नवरा-बायको दोघं सत्तरीपुढची असतील तर पाच लाख दोघांत मिळून. आधारला मोबाईल जोडलेला असला की आयुष्मान ॲपवरून घरबसल्या होतं. चौकशीचा नंबर १४५५५.

गोमेकॉत न होणाऱ्या उपचारासाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. नाव ऐकून लोक तिला विमा समजतात. ती सरकारी मदत आहे, तिला वास्तव्याची आणि उत्पन्नाची अट आहे, आणि गोमेकॉतून तसं लिहून घ्यावं लागतं.

कुळागर

एक पुरवणी. गटात काजूच्या हंगामापुरत्या सीमेपलीकडून येणाऱ्या बायकाही असतील. पाच वर्षांच्या अटीमुळे त्या दीनदयाळमध्ये बसत नाहीत, आणि २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क आहे. त्यांनी आपल्या राज्याचं आयुष्मान कार्ड सोबत ठेवावं.

त्यांचा खरा धोका तापाचा. काजूचा हंगाम तोच माकडतापाचा, म्हणजे रानातल्या गोचिडीतून होणाऱ्या तापाचा हंगाम. सत्तरीत २०१५ पासून तो ठाऊक झाला आहे. त्यावर नेमकं औषध नाही, वेळेत सलाईन आणि देखरेख एवढंच, पण तेवढ्यानेच माणसं वाचतात. पुढे शेतीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप): ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी किंवा गडद. याचं औषध स्वस्त आहे पण पहिल्या दिवसांत द्यायला हवं, उशीर झाला की मूत्रपिंड आणि फुप्फुस. खर्चाच्या भीतीने पॅरासिटामॉलवर चार दिवस काढणं हीच इथली चूक. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर वाळपईचं सरकारी इस्पितळ, आणि डोंगरात किंवा शेतात काम केलं हे न विचारता सांगायचं.

म्हादयीकाठची

खूप उपयोगी. "दिवस लागतात" हे पत्रकाच्या पहिल्याच ओळीत घालते. दोन प्रश्न. एक, कुंडईच्या ठेकेदारी कामगारांचं काय? दोन, काही जणी विचारतात की गटातून पैसे काढून खासगी मेडिक्लेम घ्यावा का. साखर आधीपासून असेल तर?

कलमवाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, आणि ते बहुतेकांच्या हक्काचं असून हातात नसतं. महिना पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापनात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ते लागू होतं, ठेकेदाराचा माणूस असला तरी. कापतात पगाराच्या ०.७५ टक्के, मालक भरतो ३.२५ टक्के. पगार १८,००० असेल तर कामगाराचे १३५ आणि मालकाचे ५८५. १३५ रुपयांत पूर्ण कुटुंबाला ओपीडी, औषधं, दाखल होणं, सगळं. असा खासगी विमा बाजारात मिळत नाही. मडगावला ईएसआय इस्पितळ आहे, बाकी ठिकाणी दवाखाने.

गडबड कुठे होते? पगारातून १३५ कापलेले दिसतात, पण ठेकेदाराने भरलेले नसतात किंवा नाव नोंदवताना कुटुंबाची माहितीच दिलेली नसते. म्हणून विमा क्रमांक मागा आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर आपली वर्गणी दर महिन्याला जमा होते का ते पाहा. ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच राहतो, नवा काढू देऊ नका. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत संरक्षण राहतं. सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

आणखी एक, जे तब्येतीशी थेट जोडलेलं आहे. आजारपणात ७० टक्के वेतन मिळतं, वर्षाला कमाल ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. हर्नियाच्या ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नसतं. पगार नसलेला माणूस दहाव्या दिवशी गोणी उचलतो आणि हर्निया परत येतो. ही भरपाई त्यासाठी आहे.

दुसरा प्रश्न, खासगी मेडिक्लेम. साखर आहे म्हणून दार बंद असतं असं नाही. पण आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. १ एप्रिल २०२४ च्या आधी हीच मर्यादा ४८ महिने होती. अपघात सोडून बाकी सगळ्याला पहिले ३० दिवस काही नाही. हर्निया, खडे, मोतीबिंदू, गर्भाशय अशा ठरावीक गोष्टींना वेगळी प्रतीक्षा असते. म्हणजे सोनोग्राफीत खडे दिसल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. तिथे दीनदयाळ किंवा जिल्हा इस्पितळच.

साखर लपवायची नाही. एजंट म्हणेल "लिहू नका, हप्ता वाढेल". ६० महिने सलग पॉलिसी चालल्यावर कंपनी लपवल्याचं कारण पुढे करू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. पण त्याआधी दावा आला की इस्पितळाच्या कागदावर "मधुमेह, आठ वर्षे" असं लिहिलेलं कंपनी पहिलं वाचते. दावा त्या ओळीवर पडतो.

खोलीच्या भाड्याचं कलम मी हिशेबानेच दाखवतो, त्याशिवाय पटत नाही. पॉलिसी तीन लाखांची, भाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. घेतली खोली ६,००० ची, चार दिवस. भाडं झालं २४,०००, त्यातले मिळणार १२,०००. लोकांना वाटतं तोटा एवढाच. पण डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे १,२०,००० सुद्धा त्याच प्रमाणात अर्धे होतात, ६०,०००. औषधं आणि जाळी-रोपणाचे ८०,००० मात्र पूर्ण धरतात. बिल २,२४,०००, मिळाले १,५२,०००, खिशातून ७२,०००. दिवसाला तीन हजारांची हौस चार दिवसांत बहात्तर हजारांना पडली. भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मिळत असेल तर तीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य आहे, कोटेशनमध्ये तो अजून लावला असेल तर विचारा.

खाणीवरून आठवलं. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक विमाही जाणार होताच. असा विमा सुटताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेली प्रतीक्षा मोजली जाते. अर्ज मुदत संपण्याआधी करायचा, नंतर नाही. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

आकडेमोड

चर्चा छान चाललीय, पण "विमा असला की तब्येत सुधारते" हे इतकं सरळ नाही. दोन अभ्यास दोन टोकांचे आहेत.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २००८ साली गरिबांच्या विम्याच्या मर्यादित जागा चक्क सोडत काढून दिल्या. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना स्वच्छ करता आली. दोन वर्षांनी पाहिलं तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांची सरासरी साखर यांत ठामपणे सांगण्यासारखा फरक नव्हता. मधुमेहाची निदानं आणि त्याची औषधं घेणारे वाढले. नैराश्य मात्र जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं, आणि कंबर मोडणारा इस्पितळ खर्च जवळजवळ नाहीसा झाला होता. काळजी हाही आजार आहे हे पत्रकात लिहायला हरकत नाही.

दुसरा आपल्या शेजारचा. कर्नाटकाच्या उत्तर भागात २०१० पासून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, भाजणं अशा मोठ्या आजारांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना मिळाली. योजनेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची गावं ताडून पाहिली. त्या आजारांमुळे होणारे मृत्यू योजनेतल्या गावांत ०.३२ टक्के, बाहेर ०.९० टक्के. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की योजनेत इस्पितळांनी गावात शिबिरं घेऊन माणसं शोधली आणि इस्पितळापर्यंत नेण्याची सोय केली. नुसतं कार्ड वाटून हे झालं नसतं, असं माझं मत.

म्हणजे तुमच्या पत्रकात कार्डाइतकीच जागा "तपासणी कुठे, कधी" याला द्या. देशाचा आकडा हवा असेल तर राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८ मध्ये खेड्यांत साधारण १४ टक्के आणि शहरांत १९ टक्के लोकांना कसलंतरी आरोग्य संरक्षण होतं. तो आयुष्मानच्या आधीचा आकडा आहे, आजचा म्हणून छापू नका.

गोळ्यांची खिडकी

आकडेमोड यांचं बरोबर आहे. ऑरेगनची साखर न हलण्यामागे मला तरी हेच दिसतं की विमा गोळी विकत घेतो, रोज गिळायला लावत नाही.

दोन राहिलेल्या गोष्टी. पहिली, छातीत दुखणं. कार्ड शोधत बसायचं नाही. जवळच्या सरकारी केंद्रात दहा मिनिटांत ईसीजी. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या सरकारी स्टेमी गोवा प्रकल्पात तो ईसीजी तज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन तिथेच मोफत देतात, मग १०८ ने बांबोळीला. पहिल्या तीन तासांत फायदा सगळ्यात जास्त. इनो पिऊन रात्र काढली तर हृदयाचा तेवढा स्नायू कायमचा गेला, पुढे कुठल्याही विम्याने तो परत येत नाही.

दुसरी, अर्धवट उपचार. खासगी आयसीयूत तीन दिवस, पैसे संपले, मग "स्वतःच्या जबाबदारीवर" सही करून गोमेकॉ. ही हलवाहलवच धोक्याची असते, कारण नव्या डॉक्टरला मागचं काही कळत नाही. सही करण्याआधी मागून घ्यायचं: बदलीचा गोषवारा, शेवटच्या २४ तासांत कुठलं औषध किती वाजता दिलं त्याचा तक्ता, रक्त-लघवीच्या कल्चरचा (जंतू शोधायच्या तपासणीचा) रिपोर्ट किंवा तो बाकी असेल तर नमुना क्रमांक, सीटी-एमआरआयची सीडी, आणि कुठल्या नळ्या कधी घातल्या ते. अँटिबायोटिकची वेळ कळली नाही तर डोस चुकतो किंवा दुसरंच सुरू होतं. बिल बाकी असलं तरी हे कागद रुग्णाचे आहेत. आणि पैसे संपणार हे पहिल्या दिवशी दिसत असेल तर पहिल्याच दिवशी हलवा, तब्येत त्यातल्या त्यात स्थिर असताना.

म्हादयीकाठची

शेवटचं. दोन-तीन जणींच्या घरी क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं आहे. डायलिसिस सरकारी केंद्रांत मोफत आहे म्हणून त्या निश्चिंत आहेत. त्यांना काय सांगू?

काऊंटर नंबर तीन

डायलिसिस मोफत आहे हे खरं. पण ते सुरू कसं होतं यावर पुढची वर्षं ठरतात. लवकर तज्ज्ञाला दाखवलं तर हातात फिस्टुला करून ठेवतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडतात. ती पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त. ढकलत राहिलं तर एका रात्री धाप लागून दाखल, मग मानेत नळी घालून घाईचं डायलिसिस. त्या नळीतून रक्तात जंतू शिरतात, ताप-थंडी येते, पुन्हा दाखल. फिस्टुला पिकेपर्यंत हेच.

म्हणून क्रिएटिनिनच्या आकड्यावर थांबू नका, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं त्याचा अंदाज, विचारा. तो ३० च्या खाली आला की मूत्रपिंडतज्ज्ञ, २० च्या आसपास फिस्टुल्याची तारीख. दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन, पूर्ण बंद. हिपॅटायटिस बी ची लस आधीच सुरू करायला सांगा, डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात.

आणि डावखुऱ्या नसतील तर डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत कोणालाही सुई टोचू देऊ नका, रक्त घ्यायचं तर पंजाच्या मागून किंवा उजव्या हातातून. फिस्टुल्याला तीच शीर लागते, आणि ती टोचून टोचून आधीच बाद झालेली असते.